पुलरसोबत हातोडा न विकणारी बाई

प्रिय अनय आणि रेवा,

"नग दाखव. कहानी नोको सांगू." असं म्हणून, डोळे वर न करता, जी बाई समोरच्याच्या नाकाखाली आपला काळा तळहात पसरायची, तिच्याबद्दल हे लिहिते आहे. नग म्हणजे वस्तू. काय बिघडलंय ते आधी हातावर ठेव, मग बोलू, असा त्याचा अर्थ.

मागच्या रविवारी तुम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर हसत हसत मला म्हणालात, "आजी, आम्ही तुझी क्लिप पाहिली!" आजी अकोल्यात एका मोबाइलच्या दुकानात उभी राहून ओरडते आहे, हातात काळी लोखंडी थाळी आहे, आजूबाजूला लोक फोन धरून उभे आहेत, ती क्लिप. रेवाने माझी नक्कलही केली. मागे तुमचे बाबा हसत होते. मग फोन बंद झाला. नेटवर्क गेलं नव्हतं. मी बंद केला.

तुमच्यावर माझा राग नाही. तुमच्या बाबांवर आहे, आणि आणखीही काही जणांवर आहे. ते पुढे येतीलच. ज्या बाईसाठी मी ओरडत होते ती आता नाही. तिच्या नावाने जगात एवढी एक गमतीची क्लिप उरावी, आणि तीही तिची नव्हे, माझी, हे मला चालणार नाही. म्हणून नीट बसून क्रमाने लिहिते आहे. मराठीत लिहिते. अडलं तर बाबांना विचारा, म्हणजे त्यांनाही वाचावं लागेल.

पहिली गोष्ट, क्लिपखाली लोकांनी लिहिलंय तशी ती भंगारवाली नव्हती. अकोल्याच्या जुन्या बाजारामागच्या एका गल्लीत तिचं हत्यारांचं दुकान होतं. आपला वऱ्हाड कापसाचा, त्यामुळे एके काळी इथे गावोगावी जिनिंगचे कारखाने होते. कापसातून सरकी काढणारी यंत्रं विलायतेहून आली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पाने, पुलर, साखळ्या, सगळं आलं. पुढे कारखाने बंद पडले. यंत्रं गेली, जमिनींवर मंगल कार्यालयं झाली. हत्यारं मात्र तिच्या नवऱ्याने उचलून आणली. तो जिनिंगमध्ये फिटर होता. तो गेल्यावर दुकानात ती बसली. एका मोठ्या पुलीवर गादी टाकून बसायची. कमीजवर नवऱ्याचा खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. गल्लीत तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत.

गिऱ्हाईक आलं की आपल्या दुकानदारांचा चेहरा कसा उजळतो, ते तुम्ही इथे आलात तेव्हा पाहिलं आहे. हिचा पडायचा. आता हा काय घोळ घालणार, असा भाव यायचा. सगळ्यांना ती "तू" म्हणायची, आणि राग आला की "तुमी". तिने "तुमी" म्हटलं की नेहमीची गिऱ्हाइकं पायरीवरूनच मागे फिरत.

ज्याचं तोंड लहानमोठं करता येतं त्या स्क्रू पान्यावर तिचा विशेष राग. तो दुकानात होता, पण मागच्या कोपऱ्यात, पोत्याखाली. "सगळ्यायले हो म्हनते हा पाना," ती म्हणायची. "आन् कोनाच्याच कामाचा नाई." अमरावतीच्या लोकांबद्दलही तिचं मत असंच काहीसं होतं. "गोड बोलतात आन् नट गोल करतात." मी अमरावतीची आहे हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तरी हे वाक्य तिने माझ्यासमोर निदान दोनदा म्हटलं.

आणि तिचा एक नियम होता. पुलर म्हणजे आसावर अडकलेली पुली किंवा चाक न ठोकता ओढून काढायचं हत्यार; पुलर आणि हातोडा ती एकाच गिऱ्हाइकाला एकाच दिवशी विकत नसे. माझ्यासमोर बार्शीटाकळीचा एक ट्रॅक्टरवाला आला. त्याने पुलर निवडला, मग म्हणाला, "एक दोन किलोचा हातोडा बी दे, खाला."

तिने पुलर त्याच्या हातातून काढून घेतला.

"काहून?" तो म्हणाला.

"दोन्ही पायजे म्हनजे तुह्यं ठरलं हाये. पुलर लावशीन, दोन मिनिटं थांबशीन, मंग ठोकशीन. हातोडाच घेऊन जाय. माह्या पुलरले काहून बदनाम करतं?"

"अव, मी नाई ठोकत!"

"मंग हातोडा कशाले? खांद्यावर घेऊन मिरवाले?"

तो हसला आणि पुलर घेऊन गेला. बाहेर पडून त्याने समोरच्या दुकानातून हातोडा घेतला, ते आम्ही दोघींनी पाहिलं. ती गादीवर नुसती सरकून बसली.

आता मी तिच्याकडे कशाला गेले, ते.

आपली बदामी गाडी तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आजोबांनी ती एका जिनिंगच्या मॅनेजरकडून घेतली होती. तेव्हाही ती जुनीच होती. आजोबा गेल्यावर ती रस्त्यावर निघणं कमी झालं, पण तिचं इंजिन मी दर रविवारी सकाळी चालू करत आले. तेल, पाणी, बॅटरी, सगळं वेळच्या वेळी. तरीही मागचं डावं चाक जाम झालं. इंजिन गुरगुरे, गाडी हलेना.

माझा पुतण्या, तुमचा काका, पलीकडच्या अर्ध्या घरात राहतो. त्याच्या ओळखीच्या एका माणसाने सेमाडोहच्या रस्त्यावर रिसॉर्ट काढलं आहे. त्याला दारात 'अँटिक लुक' पाहिजे होता. गाडीचं बॉनेट कापायचं, इंजिन काढून टाकायचं, आत माती भरायची आणि बोगनवेल लावायची, असा बेत. शेजारी उभं राहून लोक फोटो काढतील. म्हणजे आपल्या गाडीची कुंडी. हे ठरवलं कोणी? पुतण्याने इथून आणि तुमच्या बाबांनी तिथून. गाडी माझ्या अंगणात, तिच्या टाकीत पेट्रोल मी भरलेलं, आणि मला सांगितलं ते ट्रकचा दिवस ठरल्यावर.

मी तुमच्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आई, चालत असती तर गोष्ट वेगळी होती. आता चाकच फिरत नाही ना."

चालत असती तर. मी हे वाक्य मनात लिहून ठेवलं आणि पुतण्याला सांगितलं, की ट्रक यायच्या आत चाक फिरलं तर गाडी कुठेही जाणार नाही. तो म्हणाला, "काकू, काहून जीव लावून राहिल्या त्या डब्याले? पण ठीक आहे. फिरलं त ठेवा."

आणि मदत म्हणून त्याने आपला गॅरेजवाला पाठवला. गॅरेजवाल्याने पाहिलं, चाक काढलं, आत ब्रेकचा ड्रम आणि त्याच्या मधोमध आसावर घट्ट बसलेला हब दिसला. "चार ठोके देतो काकू, निघते," असं म्हणून त्याने सरळ घण आणायला माणूस पाठवला. त्या गाडीचा ड्रम बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. बीड वाकत नाही, फुटतं. फुटला की तसा दुसरा ड्रम मिळायचा नाही, आणि मग खुशाल कुंडी करा. मी आजोबांना हे काम करताना पाहिलेलं होतं. त्याला पुलर लागतो, एवढं मला माहीत होतं. आजोबांचा पुलर कोणी तरी मागून नेला होता आणि मागून नेलेली हत्यारं परत येत नाहीत. मी घणाच्या आणि चाकाच्या मध्ये खुर्ची टाकून बसले. गॅरेजवाला माझ्याकडे, मग पुतण्याकडे पाहत राहिला आणि शेवटी जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेले. अमरावतीत सगळे नवे, चकचकीत पुलर होते आणि ते विकणाऱ्यांना मी काय विचारते आहे हेच कळत नव्हतं. अकोल्यात जठारपेठेतल्या एका हार्डवेअरवाल्याने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाजारामागं खालाकडे जा. पण बोलनं खावं लागीन."

तिथे गेले तेव्हा ती साखळीची कडी घासत होती.

"खाला, मला एक पुलर हवा आहे."

"मी तुमची खाला कशी? तुमचे केस माह्याहून पांढरे हायेत." पहिल्याच वाक्यात "तुमी". तळहात पुढे आला. "नग दाखवा."

"नग गाडीला चिकटलाय. म्हणून तर पुलर हवाय."

"मंग गाडी आना."

"गाडीचं चाक फिरत नाही."

"मंग काय तुमची कहानी ठिवू हातावर?"

मी फोन काढून फोटो दाखवला. तिने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "फोटोत सारंच सोपं दिसते."

मीही काही कमी रागीट नाही, हे तुम्हाला आता कळलंच आहे. मी म्हटलं, "हे बघा, मी अमरावतीहून बसने आले आहे. मला चाकाच्या चार बोल्टांमधलं अंतर माहीत आहे, आसाची जाडी माहीत आहे, आणि शनिवारी ट्रक येऊन माझी गाडी घेऊन जाणार आहे. त्यात माती भरून झाड लावणार आहेत. तुम्हाला पुलर द्यायचा नसेल तर तसं सांगा."

तिने कडी खाली ठेवली. "झाड? गाडीत?"

"बोगनवेल."

तिने एक शिवी दिली. ती मी लिहीत नाही. मग उठली, आत गेली आणि तीन पुलर आणून पोत्यावर मांडले.

एक तीन पायांचा, नवा, चांदीसारखा. एक दोन पायांचा. तिसरा एक काळा, जड थाळा: जाडजूड लोखंडी चकती, तिला लांबट खाचा, मधोमध बोटाएवढ्या जाडीचा स्क्रू. तिने तिन्हीवर एकेकदा हात ठेवला. तीन पायांचा ड्रमची कड धरून ओढतो. बिडाची कड असेल तर तीच तुटून हातात येते. दोन पायांचा तिरपा ओढतो. थाळा चाकाच्याच चार बोल्टांवर कसायचा, म्हणजे चाकाच्या जागी थाळा बसतो. मग मधला स्क्रू आवळला की तो आसाला आत रेटतो आणि हब सरळ बाहेर येतो.

"जिनिंगमधी याच्यानंच पुल्या काढत," ती म्हणाली. "माह्या मानसाचा हाये."

"मग हाच द्या."

"देत नाई. नग पाह्यल्याबिगर देत नाई. मी येतो." आपल्याकडच्या बायका स्वतःबद्दल "मी येतो, मी जातो" असंच म्हणतात, तुम्हाला ऐकायला वेगळं वाटेल. "बुधवारी येतो. पत्ता सांग."

"सांग" म्हणाली. राग गेला होता.

बुधवारी ती आली, ती पुन्हा तापलेलीच. थाळा बारदान्याच्या पोत्यात बांधून मांडीवर घेतला होता, तरी कंडक्टर त्याचं तिकीट मागत होता. "मी म्हटलं, लेकराचं मागतं काय मांडीवरच्या?" गाडीजवळ येऊन ती जमिनीवर बसली, हबवरून अंगठा फिरवला, अंगठ्याचा वास घेतला आणि माझ्याकडे वळली.

"या चाकावर काय वतता तुमी?"

मला कळेना. तेवढ्यात पुतण्या अंगणात आला होता. त्याच्याकडे पाहून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दरवर्षी दसऱ्याला गाड्यांची पूजा तोच करतो, मोठ्या हौसेने. बदामी गाडीचं तोंड भिंतीकडे. पुढे उभं राहायला जागा नाही. म्हणून वर्षानुवर्षं तो नारळ फोडत आला तो मागच्या डाव्या चाकावर, आणि वर सगळं पाणी ओतत आला. त्यावर हळद-कुंकू. गाडी वर्षभर उभी. मग पुढच्या दसऱ्याला पुन्हा नारळ.

मी ते सांगितलं. खालाने पुतण्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पूजा करा ना, बाबू. कोन नाई म्हनते? पन समोरून करा."

"समोर भिंत आहे न!"

"मंग भिंतीवर फोडा. भिंत कुठं चालाची हाये?"

तो लाल झाला. ज्याने चाक जाम केलं तोच चाक जाम आहे म्हणून गाडी विकत होता, आणि वर मला समजूतदारपणा शिकवत होता. मी त्याला त्या दिवशी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यातलं एकही अक्षर मी मागे घेतलेलं नाही.

पण मग तिने थाळा लावला, आणि तो बसेना. खाचा बोल्टांवर बरोबर आल्या. पण हबचा मधला भाग बाहेर आलेला होता, थाळा त्यावरच टेकत होता. फोटोत तो उंचवटा दिसला नव्हता. पुतण्याला संधी मिळाली. "आणली काकू अकोल्याहून एक्सपर्ट!"

मला वाटलं आता ही त्याला फाडून खाणार. पण तिने थाळा उतरवला आणि मांडीवर घेऊन बसली. मग स्वतःच्याच कपाळावर हाताची मूठ आपटली. "मीच कहानी ऐकली. झाडाची कहानी ऐकली आन् थाळा उचलला. दुसरा थाळा पाह्यलाच नाई." तिला स्वतःवर इतकं चिडलेलं पाहून मलाच कसंतरी झालं. मी म्हटलं, "होतं असं." ती माझ्यावर ओरडली, "नाई होत! माह्याकडून नाई होत!"

मग तिने मला कालचं वर्तमानपत्र मागितलं. ड्रमवरचं काळं वंगण बोटांनी हबच्या तोंडावर सारखं पसरलं, कागद दाबला आणि उचलला. चार बोल्ट, मधला उंचवटा, सगळ्याचा काळा ठसा उमटला. तो घडी न घालता हातात धरून ती बस स्टँडवर गेली. रिक्षात वारा लागू नये म्हणून पदराआड दिवा धरावा तसा ओढणीआड धरला होता.

"शनिवारी ट्रक आहे," मी फाटकातून म्हटलं.

"शनिवारीच येतो."

शनिवारी ट्रक आधी आला. क्रेन लावलेला, फाटकाबाहेर आडवा उभा. पुतण्या, गॅरेजवाला, ट्रकचा ड्रायव्हर आणि रिसॉर्टचा एक माणूस. त्या माणसाने गाडीभोवती फिरून बॉनेटवर खडूने रेघही मारली, कुठे कापायचं ती. माझ्या समोर. मी ओल्या फडक्याने ती पुसली. त्याने पुन्हा मारली. मी पुन्हा पुसली. ड्रायव्हर हसू दाबत तिकडे तोंड करून उभा राहिला.

"काकू, ती बाई काही येत नाही," पुतण्या म्हणाला. "साखळी लावू द्या."

तेवढ्यात रिक्षा आली. ती उतरली आणि सरळ चाकाकडे गेली, कोणाकडे न पाहता. हा थाळा वेगळा होता: मध्ये वाटीसारखा खोलगट, म्हणजे हबचा उंचवटा त्या वाटीत बसेल असा. ठसा काढलेला कागद तिने त्यावर आधीच लावून पाहिला होता. चार बोल्ट कसले. आसाच्या टोकाचा नट तिने पूर्ण काढला नाही, थोड्या आट्यांवर राहू दिला. "नाईतर हब उडून येईन तोंडावर," ती मला म्हणाली. मग सोबत आणलेल्या इंग्लिश मापाच्या, म्हणजे इंचातल्या, पान्याने स्क्रू आवळू लागली. मी गाडी धरून बसले. तिची मान ताणली गेली, पाना थरथरला आणि थांबला.

"बस," ती म्हणाली. "चहा ठेव."

"निघालं कुठे?" पुतण्या म्हणाला.

"निघीन. ताण देल्ला हाये. लोखंडाले बी टाइम पायजे."

मी चहा ठेवला. सगळ्यांना दिला, रिसॉर्टवाल्यालाही; चहा न देण्याइतका राग मला कधीच जमला नाही. अर्धा चहा झाला. काही नाही. रिसॉर्टवाल्याने घड्याळ पाहिलं. पुतण्याने गॅरेजवाल्याला खूण केली, आणि गॅरेजवाल्याने घण उचलला. "खाला, एकच देऊ द्या न. हलकासा. सुटते."

ती कप घेऊन उठली आणि ड्रमला पाठ लावून उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"मार. पन आधी मले मार. जिनिंग बंद झाली तवा तुमच्यासारखेच आले होते घण घेऊन. चांगल्या चालत्या मशिनी फोडल्या, काहून की पाने लावून खोलाले टाइम लागते आन् फोडाले लागत नाई. माह्या मानसानं चार दिवस हात जोडले. कोनी ऐकलं नाई. त्याच्यानंतर तो बोललाच नाई कोनासंग. तुमाले साऱ्यायले घाई कायची हाये? कुठं जाऊन राहिले तुमी?"

गॅरेजवाल्याने घण खाली ठेवला. ती बाजूला झाली, उरलेला चहा प्यायली, कप मला दिला. आणि मी तो कप घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच मागे बंदुकीसारखा आवाज झाला.

हब सुटला होता. नटाने त्याला जागच्या जागी अडवलं होतं. ड्रमला एक ओरखडा नाही.

पुढे तासाभर तिने आणि गॅरेजवाल्याने मिळून ब्रेक साफ केले. आतून गंजाची लाल पूड ओंजळभर निघाली. चाक लागलं. मी किल्ली घेतली, गाडीत बसले आणि रिव्हर्स टाकला. गाडी हलली. अंगणातून फाटकापर्यंत आले तर बाहेर ट्रक आडवा. ड्रायव्हरने एकदा रिसॉर्टवाल्याकडे पाहिलं, मग मला म्हणाला, "थांबा मावशी, मी मांगं घेतो." त्याने ट्रक मागे घेतला. मी खालाला बाजूला बसवून बस स्टँडवर सोडलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "गियर खरडतं तू."

थाळा तिने विकला नाही; पान्यासकट माझ्याकडे ठेवला. "उजवं चाक बी खोलून घे. ते बी अडकन एक दिवस. मंग आनून दे." उजवं चाक पावसाळ्यानंतर खोललं. गॅरेजवाल्यानेच. त्याने थाळा कसला, स्क्रू आवळला, आणि घणाकडे न पाहता मला म्हणाला, "चहा ठेवा, काकू."

मग मी थाळा परत द्यायला अकोल्याला गेले. इथून पुढचं तुम्ही क्लिपमध्ये पाहिलं आहे, पण अर्धवट.

दुकानाच्या जागी काचेचं दार होतं आणि आत मोबाइलची कव्हरं लटकत होती. तिचा मुलगा होता. चांगला मुलगा. मला खुर्ची दिली, थंड मागवलं. अम्मी गेली, झोपेतच गेली, म्हणाला. मी खुर्चीत बसले. मग विचारलं, "आणि सामान?"

"दिलं न, मॅडम."

"कोणाला?"

"भंगारात. तोलून दिलं. ट्रक भरून गेला. भट्टीत गेलं असन आतापर्यंत." आणि मग, माझी समजूत घालायला: "कोन घेते आता ते?"

तोलून. कोणता पुलर कोणत्या आसाला चालतो हे एका बाईला हात लावून कळत होतं, आणि त्याचं वजन केलं. फोडायला वेळ लागत नाही, तसा तोलायलाही लागत नाही. मी उभी राहिले आणि ओरडले. "मी घेतलं असतं! मला एक फोन करता आला नाही? माझं सोडा, गल्लीत कोणाला विचारलं? एकाला तरी?" क्लिपमध्ये एवढंच आहे. माझ्या हातातला थाळा त्या मुलाला मारायला उचललेला नाही, जसं खाली कोणीतरी लिहिलं आहे. मी त्याला तो दाखवत होते. हा पाहा, हे होतं, असं.

तो मुलगा क्लिप संपल्यावर रडला. ते कोणी काढलं नाही. म्हणाला, "मले समजतच नव्हतं न मॅडम, काय काय हाये ते. अम्मी कोनाले हात लावू देत नव्हती." हेही खरं आहे. ती देत नव्हती. तिच्यावरही मी चिडले आहे, थोडी. पण मेलेल्या माणसाशी किती भांडणार?

पुतण्याने ती क्लिप तुमच्या बाबांना पाठवली. तुमच्या बाबांनी तुम्हाला. आता त्यांनी हे पत्रही तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं.

मुलाने थाळा परत घेतला नाही. म्हणाला, तुमीच ठिवा. तिच्या दुकानातलं एवढंच उरलं आहे: एक थाळा, त्याचा मधला स्क्रू आणि त्या स्क्रूला बसणारा एक पाना. तिन्ही माझ्या कपाटात आहेत, तेल लावलेले. गाडी चालते.

तुमची
आजी